सर्कशीतील गोंदलेल्या स्त्रिया : जाहिरातीच्या कहाणीतून खरा इतिहास कसा शोधायचा?

मोबाइलवर अधूनमधून एक जुने कृष्णधवल छायाचित्र फिरत असते. त्यात केस वर बांधलेली, गळ्यात माळ घातलेली एक तरुणी दिसते आणि तिची छाती व दोन्ही हात सिंह, माकडे, साप, फुलपाखरे, झाडे अशा गोंदणांनी भरून गेलेले असतात. डाव्या हातावर तर तिचे स्वतःचेच नाव गोंदलेले आहे. हे छायाचित्र खरे आहे. ते १९०७ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओत काढले गेले, त्याची प्रत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे आणि त्यातील स्त्रीचे नाव मॉड स्टीव्हन्स वॅग्नर. मात्र त्याखालच्या ओळी दर वेळी बदलतात. कुणी तिला अमेरिकेतील पहिली टॅटूकार म्हणतो, कुणी सर्कशीतील गुलाम, तर कुणी स्त्रीमुक्तीची अग्रदूत. एकाच चेहऱ्याला इतक्या परस्परविरोधी ओळखी चिकटतात, कारण ज्या धंद्यात या स्त्रिया होत्या त्या धंद्याचे भांडवलच रचलेली कहाणी हे होते. त्यामुळे त्यांचा इतिहास शोधणाऱ्याला प्रत्येक कागद हाती घेताना तो कुणी, कशासाठी छापला हे आधी विचारावे लागते.

साइड शो म्हणजे काय?

सर्कस म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर एक मोठा तंबू, झुल्यावरच्या कसरती, घोडे आणि विदूषक येतात. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये उभी केलेली भारतीय सर्कस हीच परंपरा सांगते. अमेरिकेत त्याच सुमारास मुख्य तंबूच्या वाटेवर आणखी एक लहान तंबू असे आणि त्याचे तिकीट वेगळे असे. त्यालाच साइड शो म्हणत. आत एका लांब मंचावर माणसेच मांडलेली असत : फार उंच, फार ठेंगणी, दाढी असलेली स्त्री, तलवार गिळणारा, साप खेळवणारी. बाहेर उभा राहून गर्दी जमवणारा माणूस खड्या आवाजात आतल्या नवलाईचे वर्णन करी. शहरांमध्ये हेच प्रदर्शन बारमाही चाले, आणि दहा सेंट प्रवेशशुल्कामुळे अशा जागांना डाइम म्युझियम हे नाव पडले होते.

या मंचावरच्या लोकांत जन्मतः वेगळे असलेले आणि स्वतःला वेगळे घडवलेले असे दोन वर्ग मानले जात. गोंदलेली माणसे दुसऱ्या वर्गातली. १८४०च्या आसपास जेम्स ओ'कॉनेल हा आयरिश माणूस पॅसिफिक बेटांवर गोंदवून घेतल्याची कथा सांगत अमेरिकेत फिरत होता. १८७०च्या दशकात पी. टी. बार्नम या नामांकित खेळमालकाच्या प्रदर्शनात कॅप्टन कॉस्टेन्टेनस नावाचा पुरुष आला, ज्याच्या अंगावर ३८८ चित्रे असल्याची जाहिरात होती आणि ती मध्य आशियात शिक्षा म्हणून बळजबरीने गोंदली गेल्याचे तो सांगत असे. बळजबरीने गोंदले गेल्याची ही कथा पुढे स्त्रियांच्या वाट्याला जशीच्या तशी आली, आणि तिथे ती जास्त खपली.

१८८२ साली मंचावर आलेल्या दोघी

न्यूयॉर्कच्या बनेल्स म्युझियममध्ये मार्च १८८२ मध्ये नोरा हिल्डेब्रँड ही तरुणी लोकांसमोर आली. प्रेक्षकांना विकल्या जाणाऱ्या तिच्या पुस्तिकेत लिहिले होते की वडील मार्टिन आणि ती लाकोटा सू जमातीच्या हाती सापडले, प्रमुख सिटिंग बुलच्या माणसांनी तिला झाडाला बांधले आणि वडिलांना रोज एक याप्रमाणे वर्षभर तिच्या अंगावर चित्रे गोंदायला लावली. म्हणून एकूण चित्रे ३६५. त्याच वर्षी, काही आठवड्यांच्या अंतराने, त्याच ठिकाणी आयरीन वुडवर्ड आली. तिच्याही कहाणीत बाप होता. टेक्ससच्या रानात राहताना मूळ रहिवाशांपासून संरक्षण व्हावे म्हणून बापाने आपल्याला लहानपणापासून गोंदले, असे ती सांगे.

मराठी वाचकाला इथे साहजिकच प्रश्न पडेल की अंगावर गोंदण असलेली बाई पाहायला कुणी पैसे का द्यावेत? आपल्याकडे कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर गोंदण असणे हे आजीच्या पिढीपर्यंत रोजचे होते. तुळशीवृंदावन किंवा ठिपक्यांची नक्षी काढणारी बाई दारावर येई आणि ती नक्षी दागिन्यासारखी मिरवली जाई. अमेरिकेतील गोऱ्या मध्यमवर्गात मात्र गोंदण ही खलाशांची आणि सैनिकांची गोष्ट होती. स्त्रीच्या अंगावर ती असणे हे एक आश्चर्य, आणि ती दाखवण्यासाठी दंड व मांड्या उघड्या टाकणे हे त्याहून मोठे. ज्या समाजात सभ्य स्त्रीचा घोटा दिसला तरी चर्चा होई, तिथे तोकडा मखमली पोशाख घालून अनोळखी पुरुषांपुढे उभी राहणारी स्त्री नाचगाण्याच्या बैठकीतली समजली गेली असती. तिला छळाची बळी म्हणून सादर केले की प्रेक्षकाला डोळे भरून पाहताही येई आणि आपण दयेने पाहतो आहोत असे स्वतःला समजावताही येई. माझ्या मते या पुस्तिकांचे खरे काम हेच होते. त्या गोंदणाविषयी फारसे सांगत नाहीत. पाहणाऱ्याची अडचण मात्र दूर करतात.

बखर आणि अस्सल कागद

मराठ्यांच्या इतिहासाशी थोडीफार ओळख असणाऱ्याला पुढचा मुद्दा समजायला वेळ लागणार नाही. बखरीतला प्रसंग रंगतदार असतो, पण तो कुणाच्या सांगण्यावरून, किती वर्षांनी, कुणाला खूश करण्यासाठी लिहिला गेला हे पाहावे लागते. म्हणून तर इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी पूर्ण बखरीपेक्षा अस्सल पत्राच्या चिटोऱ्याला अधिक मान दिला. साइड शोमधील पुस्तिका ही त्या बाईची बखर आहे. तिला तोलायला जनगणनेची पाने, विवाहनोंदी, जहाजावरील प्रवाशांच्या याद्या, मृत्युनोंदी आणि वर्तमानपत्रातील बारीक अक्षरांतल्या जाहिराती लागतात.

नोराची कथा या कसोटीवर पहिल्याच फेरीत ढासळते. मार्टिन हिल्डेब्रँड हा सिटिंग बुलचा कैदी नव्हता. तो जर्मनीहून आलेला, यादवी युद्धात सैनिकांना गोंदणारा आणि नंतर न्यूयॉर्कच्या ओक स्ट्रीटवर दुकान थाटून बसलेला व्यावसायिक होता. नोरा त्याची मुलगी नव्हती हेही संशोधकांनी दाखवून दिले आहे. चित्रेही कहाणीविरुद्ध साक्ष देतात. त्या काळच्या गोंदलेल्या स्त्रियांच्या अंगावर प्रामुख्याने झेंडे, गरुड, देवदूत, फुले, खलाशी यांची चित्रे असत, म्हणजे न्यूयॉर्कच्या बंदरावरच्या दुकानात भिंतीला टांगलेला नमुनासंग्रहच. लाकोटा लोकांना अमेरिकेचे राष्ट्रीय गरुडचिन्ह एखाद्या गोऱ्या मुलीवर कोरून घेण्याचे काय कारण असणार? तारखाही बोलक्या आहेत. लाकोटा व त्यांच्या मित्रजमातींनी अमेरिकी सैन्याला हरवले ती लिटल बिगहॉर्नची लढाई १८७६ ची, सिटिंग बुल शरण आला जुलै १८८१ मध्ये, आणि नोरा मंचावर आली मार्च १८८२ मध्ये. त्याचे नाव तेव्हा घरोघरी ठाऊक होते, म्हणूनच ते पुस्तिकेत घातले गेले.

मात्र जिथे कागद हवा तिथे तो मिळेलच असे नाही. १८९० ची अमेरिकी जनगणना या विषयासाठी फार मोलाची ठरली असती, कारण गोंदलेल्या स्त्रियांचा धंदा नेमका त्याच काळात भरात होता. परंतु जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनमधील वाणिज्य खात्याच्या इमारतीला आग लागली आणि त्या जनगणनेची बहुतेक पाने जळून किंवा पाण्याने खराब होऊन नष्ट झाली. १८८० मध्ये जी मुलगी कुठल्या तरी गावात आईवडिलांच्या घरी नोंदलेली होती, ती १९०० मध्ये वेगळ्या नावाने, वेगळ्या शहरात, कुणाची तरी पत्नी म्हणून दिसते, आणि मधली वीस वर्षे, जी तिने मंचावर घालवली, ती कोरी राहतात. त्यात लग्नाने बदललेले आडनाव, मंचावरचे नाव आणि 'ला बेल' (सुंदरी) यांसारख्या फ्रेंच उपाध्या यांची भर पडते. आयरीन वुडवर्ड हेसुद्धा मंचावरचे नाव होते.

अशा वेळी व्यवसायातील साप्ताहिके कामी येतात. 'न्यूयॉर्क क्लिपर' आणि 'बिलबोर्ड' यांमध्ये कोणता खेळ कोणत्या आठवड्यात कोणत्या गावी आहे हे छापून येत असे. 'बिलबोर्ड'ने तर फिरत्या कलाकारांची पत्रे सांभाळून पुढे पाठवण्याची सोय केली होती आणि कुणाचे पत्र येऊन पडले आहे त्यांच्या नावांच्या याद्या ते छापत असे. या याद्या अत्यंत कंटाळवाण्या आहेत. पण ती नावे गिऱ्हाइकाला भुलवण्यासाठी छापलेली नव्हती, पत्र योग्य माणसाला मिळावे म्हणून छापलेली होती, आणि संशोधकाला नेमके तेच हवे असते.

पण छायाचित्र तरी खोटे बोलत नाही ना?

छायाचित्रे भरपूर आहेत, कारण मंचावरच्या बायका आपली छायाचित्रे व पुस्तिका प्रेक्षकांना विकत आणि त्यातून पगाराला जोड मिळे. न्यूयॉर्कच्या बावरी भागातील चार्ल्स आयझेनमन या छायाचित्रकाराने अशा कलाकारांची शेकडो चित्रे घेतली. त्यांचा मोठा संग्रह सिराक्यूस विद्यापीठात आहे. मात्र ही चित्रे म्हणजे विक्रीचा माल होता. मागचा पडदा रंगवलेला, पोशाख निवडलेला, उभे राहण्याची ढब ठरवलेली.

याखेरीज एक तांत्रिक अडचण आहे, जी सहसा लक्षात येत नाही. त्या काळी छायाचित्रे काचेच्या पट्टीवर घेतली जात आणि तिच्यावरील रसायनावर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार चटकन होई, तांबड्याचा जवळजवळ होतच नसे. त्यामुळे निळी वस्तू चित्रात फिकट येई आणि तांबूस वस्तू काळपट. गोंदणाची काळी शाई गोऱ्या त्वचेखाली गेली की निळसर दिसते, तर त्वचा स्वतः तांबूस असते. परिणामी दोन्ही चित्रात एकाच राखाडी छटेकडे झुकतात आणि रेघा पुसट होतात. न्यूझीलंडमधील माओरी लोकांच्या एकोणिसाव्या शतकातील काही छायाचित्रांत चेहऱ्यावरचे गोंदण जवळजवळ नाहीसे झालेले दिसते ते याच कारणाने. म्हणून एखाद्या स्त्रीच्या जुन्या चित्रात दंड रिकामा दिसला तर तो तेव्हा गोंदलेला नव्हता असे लगेच म्हणता येत नाही. आणि उलट, रेघा फारच काळ्याभोर दिसल्या तर निगेटिव्हवर हात फिरवला गेला आहे का हे पाहावे लागते, कारण असा हात फिरवणे ही स्टुडिओंची नेहमीची पद्धत होती. वेगवेगळ्या स्टुडिओंत घेतलेली दोन चित्रे शेजारी ठेवून एकेक आकृती जुळवत जाणे, एवढाच भरवशाचा मार्ग उरतो.

सगळ्याच कहाण्या बनावट होत्या का?

नव्हत्या, आणि त्यामुळेच बनावट कहाण्यांवर विश्वास बसे. १८५१ मध्ये पश्चिमेकडे निघालेल्या ओटमन कुटुंबावर हल्ला झाला आणि त्यातून ऑलिव्ह व तिची धाकटी बहीण पकडल्या गेल्या. पुढे त्या मोहावी जमातीकडे गेल्या. धाकटी उपासमारीत दगावली. मोहावींनी ऑलिव्हच्या हनुवटीवर निळ्या रेघा गोंदल्या. १८५६ मध्ये तिला फोर्ट युमा या लष्करी ठाण्यावर गोऱ्यांच्या स्वाधीन करण्यात आले. त्यानंतर रॉयल स्ट्रॅटन या धर्मोपदेशकाने तिच्या आयुष्यावर पुस्तक लिहिले, ते धडाधड खपले आणि ती स्वतः ठिकठिकाणी व्याख्याने देत फिरली. पुस्तकात हनुवटीचे गोंदण गुलामीची खूण म्हणून आले. प्रत्यक्षात मोहावी स्त्रिया स्वतः तशा रेघा गोंदून घेत आणि मृत्यूनंतर पूर्वजांनी आपल्याला ओळखावे यासाठी त्या आवश्यक मानत. म्हणजे गोंदण खरे, बंदिवास खरा, आणि तरीही छापलेला अर्थ विकृत.

'एवढी जुनी जाहिरात, खोटी असली तर बिघडले कुठे?' असे विचारणाऱ्याला इथे उत्तर मिळते. या स्त्रियांच्या कहाण्यांत क्रूर म्हणून रंगवलेला बहुतेक वेळा मूळ रहिवासी होता. ज्या दशकात त्या लोकांना त्यांच्या जमिनींवरून हुसकावून राखीव प्रदेशांत कोंबले जात होते, त्याच दशकात शहरातला माणूस दहा सेंट देऊन त्यांच्या क्रौर्याचा 'पुरावा' एका तरुणीच्या कातडीवर पाहून घरी जात होता. नोराने पोटासाठी कहाणी सांगितली यात मला तिच्यावर फार दोष ठेवावासा वाटत नाही. पण त्या कहाणीची किंमत मंचावर नसलेल्या कुणीतरी मोजली, हे तिच्या धाडसाचे कौतुक करणारे लेख बहुधा विसरतात.

यंत्र आल्यावर धंदा कसा बदलला?

हाताने सुई टोचून पूर्ण अंग गोंदायला फार वेळ लागे. सॅम्युअल ओ'रायली याने न्यूयॉर्कमध्ये विजेवर चालणारे गोंदणयंत्र तयार केले आणि ८ डिसेंबर १८९१ रोजी त्याला पेटंट मिळाले. एडिसनच्या विजेच्या लेखणीत सुधारणा करून ते बनवले होते. यंत्राने काम झपाट्याने होऊ लागले, तशी गोंदलेल्या माणसांची संख्या वाढली आणि नवल ओसरू लागले. मग नुसते गोंदलेले असणे पुरेना. कुणी गोंदलेले असूनही कसरत करी, कुणी चाकूफेक, कुणी नवराबायकोची जोडी म्हणून उभी राही.

मॉड वॅग्नर या दुसऱ्या टप्प्यातली. ती मुळात झुल्यावरची कसरतपटू आणि अंग वाकवणारी कलाकार होती. १९०४ च्या सेंट लुइस येथील जागतिक प्रदर्शनात तिला गस वॅग्नर हा खलाशी-टॅटूकार भेटला, आणि त्याच्याबरोबर फिरायला जायचे तर त्याने गोंदणे शिकवावे अशी अट तिने घातल्याचे सांगितले जाते. अटीचा किस्सा कितपत खरा हे बाजूला ठेवले तरी पुढचे स्पष्ट आहे : ती गोंदायला शिकली, आणि यंत्र उपलब्ध असूनही ही दोघे हाती सुईनेच काम करत राहिली. त्यांची मुलगी लोटेव्हा हीसुद्धा टॅटूकार झाली. तिच्या स्वतःच्या अंगावर मात्र एकही गोंदण नव्हते, कारण आईने बापाला तिला गोंदू दिले नाही. अंगावर काही नसल्यामुळे गोंदलेली स्त्री म्हणून पोस्टरवर येण्याचा तिच्यापुढे प्रश्नच नव्हता. तिच्यासारख्या कारागीर स्त्रिया शोधायच्या तर छायाचित्रांचा फारसा उपयोग नसतो. अवजारे, नमुन्यांच्या वह्या आणि घरातली पत्रे यांकडेच वळावे लागते. गस वॅग्नरचा असा संग्रह न्यूयॉर्कच्या साउथ स्ट्रीट सीपोर्ट म्युझियममध्ये जपलेला आहे.

मग या स्त्रिया शोषित होत्या की स्वतंत्र?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि बहुतेक वेळा चुकीच्या पद्धतीने सोडवला जातो, म्हणजे एकीचे उदाहरण घेऊन सर्वांचे उत्तर दिले जाते. नोराच्या काळात कहाणी पुरुषांच्या हाती होती : गोंदणारा, म्युझियमचा मालक, पुस्तिकेचा लेखक, छायाचित्रकार. त्या काळात तिचा स्वतःचा आवाज म्हणून जे छापले गेले तेही पढवलेले असण्याची शक्यता मोठी आहे. १९२० नंतरचे चित्र निराळे दिसते. बंदिवासाच्या कथा मागे पडल्या आणि बायका उघडपणे सांगू लागल्या की आम्ही हे काम म्हणून निवडले.

विस्कॉन्सिनमध्ये १८९३ साली जन्मलेली, आर्टोरिया या नावाने गाजलेली ॲना गिबन्स हिने पती रेड गिबन्सकडून पाठीवर लिओनार्दोचे 'लास्ट सपर' गोंदवून घेतले होते. ती धार्मिक वृत्तीची होती आणि अंगावर धार्मिक चित्रेच प्रामुख्याने वागवत असे. पाठीवर ख्रिस्ताचे अखेरचे भोजन असलेल्या बाईला निर्लज्ज ठरवणे प्रेक्षकाला जरा अवघडच गेले असणार. १८८२ मध्ये जे काम छळाच्या कहाणीने केले ते इथे चित्राच्या विषयाने केले, आणि तो विषय तिच्या स्वतःच्या श्रद्धेशी जुळणारा होता.

बेटी ब्रॉडबेंट हिचे प्रकरण तर अभ्यासाला फारच सोयीचे आहे. १९०९ मध्ये जन्मलेली ही मुलगी १९२७ च्या सुमारास रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत आली. तिच्या गोंदणांची संख्या कुठे साडेतीनशे, तर कुठे साडेपाचशेहून अधिक दिली जाते. असे आकडे मोजून लिहिलेले नसतात, पोस्टरच्या गरजेनुसार लिहिलेले असतात, हे ध्यानात ठेवावे. परंतु तिच्या एका पायावर वैमानिक चार्ल्स लिंडबर्गचे चित्र होते. लिंडबर्गने अटलांटिक ओलांडला मे १९२७ मध्ये, तेव्हा ते गोंदण त्याआधीचे असण्याची शक्यता फार कमी. ज्या छायाचित्रात तो पाय उघडा आहे त्याचा काळ एवढ्या एका खुणेने आवळता येतो.

१९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात ती एका सौंदर्यस्पर्धेत उतरली. ती जिंकणार नव्हती हे तिलाही ठाऊक असावे. तिच्या उतरण्याचा खरा उपयोग प्रदर्शनाच्या प्रसिद्धीला होता. तरी स्पर्धेतल्या तिच्या छायाचित्राखाली आज कुणी 'समाजाला आव्हान' असे लिहिले, तर ते साफ चूक आहे असेही म्हणवत नाही. जाहिरात आणि आव्हान एकाच वेळी असू शकतात, आणि १८८२ च्या पुस्तिकेला लावलेली कसोटी १९३९ च्या चित्रालाही लावायला हवी. फरक इतकाच की बेटी दीर्घायुषी ठरली. १९६७ पर्यंत तिने हेच काम केले, स्वतः टॅटूकार म्हणूनही काम केले, आणि निवृत्तीनंतर तिने आपल्या अनुभवांविषयी सांगितलेले नोंदवले गेले. १९८१ मध्ये टॅटू हॉल ऑफ फेममध्ये सर्वप्रथम तिचाच समावेश झाला. दोन वर्षांनी ती वारली, तोवर नोराला आणि आयरीनला कधीच कुणी विचारले नव्हते ते प्रश्न तिला विचारून झाले होते : सुई किती दुखली, पैसे कुणी दिले, आणि मंचावरून उतरल्यावर ती काय घालून बाजारात जाई.